जावयाने मागितलेलं वाण

हैदराबादेहून परत आल्याला आता दोन महिने होतील. भेटणारा प्रत्येक जण विचारतो, चारमिनार पाहिलात का? नाही पाहिला. गोवळकोंडा? तोही नाही. मोत्यांच्या दुकानांकडे फिरकलोही नाही. पंधरा दिवस त्या शहरात राहिलो आणि त्यातले पाच एका इस्पितळाच्या व्हरांड्यात बसून काढले. तेव्हा हे वाचून कुणी तिकडची सहल आखणार असेल, तर त्याने आत्ताच दुसरं काहीतरी वाचायला घ्यावं.

आधी मी कोण ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. मी पुण्यात एका शाळेत भूगोल शिकवतो. पृथ्वीचं तापमान वाढतंय हे पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून मी नीट झोपलेलो नाही. कोळसा जाळून वीज होते, विजेवर आपली चैन होते आणि त्याचा धूर वर साठून पृथ्वी तापते, हे मी वाचनालयांत, महिला मंडळांत, जमलं तर लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगत आलो. आमच्या घरी फ्रीज नाही, स्कूटर नाही, गच्चीवर सौरचूल आहे. आसपासची मंडळी हप्त्यांवर रंगीत टीव्ही आणि धुलाईयंत्रं घेत सुटली असताना मी सायकलवरून शाळेत जातो आणि एका माणसाने ठरवलं तर फरक पडतो, असं सांगत फिरतो. माझ्या बायकोने, शैलाने, वीस वर्षं माठातलं पाणी पिऊन माझं तत्त्वज्ञान सांभाळलं. तिला ते पटलंय का, हे मी कधी विचारलं नव्हतं.

यंदा ज्येष्ठ अधिक आला. अधिक महिन्यात जावई म्हणजे नारायण. त्याला सासरी बोलावून पाटावर बसवायचं, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं आणि तो मागेल ते त्याच्या पदरात घालायचं. सासऱ्यांचं कार्ड आलं, "जावईबापू, धोंड्याचा महिना आहे. यायलाच पाहिजे. बहाणे चालणार नाहीत." शाळेला सुट्टी होतीच. भर उन्हाळ्यात आम्ही दोघं दुसऱ्या वर्गाच्या डब्यातून, ओले पंचे डोक्यावर घेऊन निघालो.

काचीगुडा

सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणतात. मूळचं शेतकरी घराणं, परभणीकडचं. निजामाच्या राज्यात सगळ्यांचाच ओढा हैदराबादेकडे, तसे तेही तरुणपणी आले, रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून झाले आणि काचीगुड्यातच राहिले. घर एका अरुंद गल्लीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर. अडीच खोल्या, खाली शहाबादी फरशी, वर उघडा स्लॅब. सकाळी दहापासून तो स्लॅब तापायला लागतो आणि रात्री झोपायच्या वेळी खाली ऊन सोडत बसतो. पुण्याचा उन्हाळा निदान संध्याकाळी घरी जातो. इथला मुक्कामाला असतो.

बैठकीत शिरल्याबरोबर मला एक भलंमोठं खोकं दिसलं. त्यावर विणलेलं टेबलक्लॉथ घालून पाण्याचा तांब्या ठेवला होता.

"हे काय?" मी विचारलं.

"एसी आहे दाजी," माझा मेहुणा प्रदीप म्हणाला. शहराबाहेरच्या नव्या संगणक कंपन्यांपैकी एकीत त्याला दोन वर्षांपूर्वी नोकरी लागली होती. "दीड टनाचा. पुढच्या हफ्त्यात मिस्त्री येतोय."

"कुणाला पाहिजे होता?"

प्रदीप तोंड उघडणार तेवढ्यात अप्पा मध्ये पडले. "हौसेचं हाय झालं. पोरं कमवायलीत, आणायलीत. तुम्ही हातपाय धुवा जावईबापू, चाय घ्या."

कूलर होता, पण पाणी दिवसाआड यायचं. ते कूलरला पाजायचं की माणसांनी प्यायचं, असा प्रश्न होता. दुपारी सासूबाई डोक्यावर ओला पंचा ठेवून न्हाणीच्या उंबऱ्यावर, ओल्या फरशीला पाठ लावून बसायच्या. डोळे मिटलेले, तोंड थोडं उघडं. सत्तरीची, काटकुळी बाई. मला पाहिलं की पदर सावरून उठायच्या आणि विचारायच्या, "काही पाहिजे का, जावईबापू?" मी खूश झालो. वहीत टिपून घेतलं, जुन्या माणसांना उन्हाशी जुळवून घेता येतं, यंत्र लागत नाही. व्याख्यानात सांगायला चांगलं उदाहरण मिळालं होतं. ती वही माझ्याकडे अजून आहे. ते पान मी फाडलेलं नाही.

जेवणाची मात्र चंगळ. ज्वारीची भाकरी, अंबाडीची आंबट भाजी, चिंच घातलेली खट्टी दाल आणि तोंडाला आग लावणारी कैरीची पच्चडी. आमच्याकडे पाहुण्याला दोनदा विचारतात आणि तिसऱ्यांदा झाकण लावतात. इथे विचारतच नाहीत, वाढतात. शैला माहेरी आली की मोठ्याने बोलते आणि मोठ्याने हसते, हे मी दर खेपेला पाहतो आणि पुण्याला आलो की विसरतो.

बेगम बाजार

अनारशांसाठी खसखस, गूळ आणि वाणासाठी तांब्याचं ताट घ्यायला अप्पा बेगम बाजारला निघाले. मीही निघालो. घाऊक मसाल्यांचा तो बाजार म्हणजे नाकाची परीक्षा. मिरच्यांच्या पोत्यांमधून शिंकत शिंकत पुढे जायचं. मी अर्थातच कापडी पिशव्या नेल्या होत्या. दुकानदाराने खसखस प्लॅस्टिकच्या पिशवीत भरली, ती मी परत करायला लावली.

"पन्नी नक्को तो कायमें डालूं साब?" त्याने विचारलं.

"कागदात बांधा."

त्याने बांधली. कोपऱ्यावर येईतो कागद फाटला आणि अर्धी खसखस रस्त्यावर सांडली. दुकानदार लांबून बघत होता. हसला नाही, एवढी त्याची सभ्यता. अप्पांनी परत जाऊन नवी खसखस घेतली. प्लॅस्टिकच्या पिशवीत.

परत येताना मी म्हटलं, "अप्पा, रिक्षा कशाला? चालत जाऊ. अंतर ते किती!"

"चला की," अप्पा म्हणाले. "चालणं सेहतीला अच्छंच."

अफझलगंजपाशी मुसी नदीचा वास आला. नदी दिसली नाही, नुसता वास. तिथून कोठी, मग बडी चावडी. ऊन डोक्यावर. अप्पांचं वय चौऱ्याहत्तर. बडी चावडीपाशी ते एका दुकानाच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "जरा दम घेतो. तुम्ही थकले असाल." मी थकलो नव्हतो. मी त्यांना वाटेत भूगोल शिकवत होतो. एक रिक्षा वाचली की किती धूर वाचतो, ते सांगत होतो. ते "हौ, हौ, बरोबर हाय" म्हणत होते. त्यांच्या टाचेला फोड आला होता, ते मला दुसऱ्या दिवशी सासूबाई तेल लावत होत्या तेव्हा दिसलं.

हाच प्रसंग पुण्यात घडला असता तर सासरे म्हणाले असते, या तुम्ही चालत, मी रिक्षाने पुढे होतो. हैदराबादेकडे पाहुण्याला, त्यातून जावयाला, नाही म्हणायची रीतच नाही. तो म्हणेल ते बरोबर. ही रीत मला वीस वर्षं ठाऊक होती. तिचे लाडही मी वीस वर्षं करून घेतले होते. माझं बोलणं लोकांना पटतं आणि माझ्या बोलण्यापुढे लोक गप्प बसतात, यांत फरक असतो, एवढं मात्र कळलं नव्हतं.

गार प्रदेश

प्रदीपने एक दिवस त्याचं ऑफिस दाखवायला नेलं. स्कूटरवरून शहर मागे पडलं की खडकांचं रान लागतं. एकावर एक तोललेल्या प्रचंड शिळा. तसलं निसर्गाचं काम मी भूगोलाच्या पुस्तकातून शिकवलंय. त्या शिळा सुरुंगाने उडवून मध्ये काचेच्या इमारती उभ्या केल्या आहेत. उन्हाळ्यात जिथे सावलीला कुत्रं बसत नाही तिथे काचेची घरं! आत गेलो आणि दोन मिनिटांत कुडकुडायला लागलो. प्रत्येक खुर्चीच्या पाठीला स्वेटर. एक मुलगी शाल गुंडाळून बटणं दाबत होती. बाहेर मुंडासं बांधलेल्या बायका डोक्यावरून खडी वाहत होत्या, त्या काचेतून दिसत होत्या. आवाज येत नव्हता.

"थोडं कमी करता येत नाही का रे हे?" मी विचारलं.

"कुणाच्या हातात नाही दाजी. मशिनांना गारवा लागतो."

"आणि माणसांना?"

"माणसं स्वेटर घालतात." प्रदीप हसला. मग म्हणाला, "तुम्ही साहेबाला भेटून सांगता का? चला, भेटवतो."

मी नको म्हटलं. काय सांगणार होतो? शाळेत भूगोल शिकवतो, म्हणून? मला राग आला होता, पण तो ठेवायला तिथे खुंटी नव्हती. मग मी ते केलं जे माझ्यासारखी माणसं नेहमी करतात. जिथे आपलं कुणी ऐकत नाही तिथून मुकाट बाहेर पडलो आणि जिथे सगळे ऐकतात तिथे जाऊन ऐकवायचं ठरवलं.

पाटावर

वाणाच्या दिवशी सासूबाई पहाटेपासून चुलीपुढे, म्हणजे गॅसपुढे होत्या. अनारसा मंद आचेवर एकेक तळावा लागतो, घाई केली तर तुपात विरघळतो. पंख्याने आच हलते, म्हणून पंखा बंद. तेहतीस अनारसे. शैला म्हणाली, "आई, मी तळते, तू सरक." तर म्हणाल्या, "जावयाचं वाण हाय. सासूनंच कराया लागतंय."

मला पाटावर बसवलं. तांब्याच्या ताटात अनारसे, वर दिवा. अप्पांनी माझे पाय धुतले. त्याची मला दर वेळी लाज वाटते आणि दर वेळी मी धुऊ देतो. मग अप्पा हात जोडून म्हणाले, "मागा जावईबापू. वीस बरसं झाली, तुम्ही काही मागितलं नाही. आज मागितल्याशिवाय उठू देणार नाही."

आमच्या ओळखीत कुणी अशा वेळी घड्याळ मागितलं, कुणी स्कूटर. मी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मला माझंच कौतुक वाटत होतं, हे लपवून काय करू?

"अप्पा, मला वस्तू नको. शब्द पाहिजे," मी म्हणालो. "तो एसी या घरात लावायचा नाही. एका घराने तरी नको म्हटलं पाहिजे. तुमच्या घराने म्हणावं."

प्रदीप उभा राहिला. "अप्पा, हे काय..." एवढं म्हणाला आणि अप्पांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो खाली बसला. अप्पांनी मान वळवून सासूबाईंकडे पाहिलं. त्या तुपाचं भांडं घेऊन दारात उभ्या होत्या. पदराने गळा पुसत होत्या.

"दिलं म्हणा की," त्या अप्पांना म्हणाल्या. "जावई पाटावर बसलेत."

"दिलं," अप्पा म्हणाले.

मी अनारसा मोडला. उत्तम झाला होता, जाळी पडलेली, तोंडात विरघळणारा. सहा खाल्ले.

दोन दिवसांनी प्रदीपने खोकं विकून टाकलं. गल्लीच्या पलीकडे, आमच्या खिडकीच्या बरोबर समोर, एका विमा एजंटाचं ऑफिस आहे. त्याने घेतलं. मिस्त्री ठरल्या दिवशीच आला, फक्त समोर गेला. आमच्या खिडकीकडे त्या यंत्राची पाठ आली. गल्ली एवढी अरुंद की हात लांब केला तर समोरच्याचा हात धरता येईल. दिवसभर ते यंत्र तापलेला वारा आमच्या खोलीत ओतू लागलं. खिडकी लावली तर भट्टी, उघडली तर फुंकर मारलेली भट्टी. मी खिडकीला ओलं पोतं बांधलं आणि म्हणालो, "लोकांना कळेल हळूहळू."

व्हरांडा

समोरचं यंत्र सुरू झाल्यापासून तिसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई न्हाणीच्या उंबऱ्यावरून उठल्याच नाहीत. अंग तव्यासारखं तापलं होतं आणि घामाचा थेंब नव्हता. काहीतरी असंबद्ध बोलत होत्या. प्रदीपने त्यांना उचलून तीन जिने खाली नेलं. रिक्षात मी पुढे बसलो. त्या दिवशी चालत जाऊ असं म्हणालो नाही.

इस्पितळात डॉक्टरांनी त्यांना पाहिलं आणि ओळखलं. मग आमच्याकडे वळून हिंदीत विचारलं, "मैंने अप्रैल में ही बोला था ना, इनको ठंडे कमरे में रखो? दिल कमज़ोर है, गर्मी सहन नहीं होगी। एसी लगाया क्या?"

प्रदीप माझ्याकडे बघू लागला.

मग मला कळलं ते असं. एप्रिलमध्ये त्या आठ दिवस याच इस्पितळात होत्या. शैलाला कळवायचं नाही, असं त्यांनीच बजावलं होतं. लेकीला दूर बसून घोर कशाला? एसी त्यांच्यासाठीच आणला होता. आणि मी आल्यावर अप्पांनी ते सांगितलं नाही, कारण पाहुणा दारात आल्या आल्या दुखणं सांगत नाहीत. आणि पाटावर मी मागितलं तेव्हा सांगितलं नाही, कारण तेव्हा सांगणं म्हणजे नाही म्हणणं झालं असतं.

काउंटरवर पहिला मीच धावलो. "एसी खोली द्या," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. तिथला माणूस म्हणाला, "खाली नहीं है साब. ये गर्मी में सबकोच एसी होना." पाच दिवस त्या साध्या वॉर्डात होत्या. बर्फाच्या पिशव्या मांडीत, काखेत. बर्फ मी आणत होतो. शैला माझ्याशी बोलत नव्हती. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात माझ्या शेजारी येऊन बसली आणि समोर बघत म्हणाली, "एवढ्या मोठ्या जगातून तुमच्या पृथ्वीला माझीच आई सापडली?"

मी म्हणालो, "मला माहीत नव्हतं."

"विचारलंत का? वीस वर्षांत कुणालाही, काहीही?"

पुन्हा काचीगुडा

सहाव्या दिवशी त्यांना घरी आणलं. डावा हात नीट उचलत नव्हता. डॉक्टर म्हणाले, उन्हाचा फटका मेंदूला बसलाय, हात येईल किंवा नाही. समोरचं यंत्र चालूच होतं.

मी अप्पांपुढे जाऊन बसलो. हात जोडले. "माझं मागणं मी परत घेतो. एसी लावा."

अप्पांनी माझे जोडलेले हात धरून खाली केले. मग म्हणाले, "अधिकातलं दान हाय जावईबापू. दिलेलं परत घेत नसतात."

"मीच सोडतोय ना?"

"तुम्ही सोडा. आम्ही दिलेलंच राहतं."

"मग मी नवीन आणतो. माझ्या पैशाने. मी बसवतो."

"लेकीच्या घरचं आम्ही पाणी पीत नाही," अप्पा शांतपणे म्हणाले. "मशीन कसं घ्यावं?"

प्रदीप दारात उभा होता. तो म्हणाला, "मी आईला माझ्या ऑफिसजवळ फ्लॅट घेऊन नेतो. आजच बघतो."

"मी कुठं येत नाही," आतून सासूबाई म्हणाल्या. "ह्यांना भाकर कोण देईल?"

मी त्यांच्या खाटेपाशी गेलो. त्यांनीच उजव्या हाताने पदर डोक्यावर ओढून घेतला, जावई समोर आला म्हणून. आणि माझी समजूत काढली.

"जिवाला लावून घेऊ नका, जावईबापू. तुमचं खोटं थोडंच हाय. धरतीमाय तापायली, तुम्ही म्हणता. मग कुणीतरी सोसायलाच पाहिजे की."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, ही खात्री मला आहे. असता तर बरं झालं असतं. मी आजवर शेकडो लोकांना हेच सांगत आलो आणि ते मनापासून ऐकणारं एकच माणूस मला भेटलं. काचेच्या इमारतीतल्या साहेबाला तर मी सांगितलंही नव्हतं, समोरच्या विमा एजंटालाही नाही. माझ्यामुळे फरक पडला, तो एका म्हातारीच्या डाव्या हाताला.

परतीचा डबा

शैला राहिली. किती दिवस, ते तिने सांगितलं नाही. मी विचारलंही, या वेळी विचारलं, तर म्हणाली, "बघू." माझी शाळा उघडायची होती. अप्पा टाचेचा फोड घेऊन लंगडत मला गाडीवर बसवायला आले. स्टेशनवर त्यांनी खिशातून तिकीट काढलं. माझं दुसऱ्या वर्गाचं त्यांनी परत केलं होतं आणि एसी डब्याचं काढलं होतं.

"असल्या उन्हात जावयाला तसं कसं पाठवू?" ते म्हणाले. "तेवढा मान ठेवा."

मी दोनदा नको म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो नाही.

दुपारची वेळ होती. फलाट भाजत होता. डब्याचं दार बंद झालं आणि बाहेरचा सगळा आवाज तुटला. काचेतून अप्पा दिसत होते. हात जोडून उभे, ओठ हलत होते. गाडी सुटली. माणूस येऊन इस्त्रीची चादर आणि घोंगडी देऊन गेला. त्या काचेच्या इमारतीनंतर पहिल्यांदाच माझा घाम वाळला. मग थंडी वाजायला लागली. उठावं, डब्यांमधलं दार ओलांडून दुसऱ्या वर्गात जाऊन उभं राहावं, असं वाटलं. खरंच वाटलं. पण डबा काही माझ्यासाठी गार केलेला नव्हता. मी उठून गेलो असतो तरी तो तेवढाच गार राहिला असता, तेवढाच कोळसा जळला असता. रिकाम्या बाकाला वारा लागून कुणाचं भलं होणार होतं?

हिशेब बिनचूक होता. मी घोंगडी गळ्यापर्यंत ओढून घेतली. तांडूर स्टेशन यायच्या आत मला झोप लागली.